फ्रेंच ऑफिसातले मतभेद: तोंडी कसे मांडायचे, कागदावर कधी आणायचे

पुण्या-मुंबईहून फ्रान्सला नोकरीवर गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो मीटिंगमध्ये. दोन आठवडे राबून केलेला आराखडा पडद्यावर असतो. तिसऱ्याच स्लाइडला कोणीतरी म्हणतं, "मला हे पटत नाही." दुसरी म्हणते, मुळात प्रश्नच चुकीचा मांडलाय. वीस मिनिटं चार माणसं एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात, साहेब मध्ये पडत नाहीत, आणि साडेबारा वाजले की तीच माणसं तुम्हाला सोबत घेऊन जेवायला निघतात. जेवताना विषय सुट्टीचा, चीजचा, रग्बीचा. सकाळचं कोणाच्या मनातही नसतं. तुमच्या मात्र असतं.

आपल्याकडे चारचौघांत कोणाचं काम खोडणं म्हणजे त्याचा पाणउतारा. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं काम त्यांनी लक्ष देऊन पाहिलं. ज्या आराखड्यावर कोणी काहीच बोलत नाही त्याची खरी काळजी करावी. बहुतेक वेळा तो कोणी उघडलेलाच नसतो. ला देफाँसमधली बँक असो, तुलूजमधली विमान कंपनी असो की सोफिया आंतिपोलिसमधली सॉफ्टवेअर कंपनी, थोड्याफार फरकाने हे सगळीकडे दिसतं. हिंजवडीतून किंवा नागपूरच्या मिहानमधून रोज फ्रेंच टीमबरोबर काम करणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. फ्रेंच ऑफिसात तोंडी वादाला भरपूर मोकळीक आहे, आणि लेखी वादाला फार काटेकोर नियम आहेत. आपली मंडळी नेमकं उलट करतात. मीटिंगमध्ये भिडेखातर गप्प बसतात, आणि संध्याकाळी साहेबांच्या साहेबांना सीसीत घालून लांबलचक ई-मेल पाठवतात. पहिल्याने तुमची किंमत कमी होते, दुसऱ्याने शत्रू तयार होतात.

टीका इतकी सहज का येते

याचं मूळ शाळेत आहे. बारावीच्या तोडीची बाकालोरेआ परीक्षा देणाऱ्या जनरल आणि टेक्निकल शाखेच्या प्रत्येक मुलाला तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो. त्यात निबंध लिहायची ठरलेली रीत अशी: आधी एक बाजू मांडायची, मग तिच्याविरुद्धची बाजू तितक्याच ताकदीने मांडायची, आणि मग दोन्हींतून वाट काढायची. विरुद्ध बाजू कच्ची राहिली तर गुण जातात. म्हणजे स्वतःच्याच म्हणण्यावर आक्षेप घ्यायला मूल शाळेत शिकतं. ऑफिसात तुमच्या प्रस्तावाची विरुद्ध बाजू कोणी मांडली, तर तो तुमच्या निबंधाचा दुसरा भाग लिहून देतोय असं समजायला हरकत नाही.

गुण २० पैकी देतात. १० ला पास, १६ म्हणजे 'फार छान'. निबंधाच्या विषयात २० पैकी २० जवळजवळ कोणालाच मिळत नाहीत. त्यामुळे वार्षिक मूल्यमापनात चुकांचीच यादी लांब दिसली म्हणून नोकरी जाणार असं धरू नका. 'पा माल', म्हणजे 'वाईट नाही', ही चांगली शाबासकी आहे. काही न सुचवता नुसतं 'ठीक आहे' म्हटलं, तर नीट चौकशी करा.

पहिल्या महिन्यात घालायचा पाया

वाद घालण्याआधी माणसांशी सलोखा हवा, आणि त्याची सुरुवात 'बोंजूर'ने, म्हणजे 'नमस्कार'ने होते. सकाळी ऑफिसात शिरल्यावर दिसेल त्या प्रत्येकाला: रिसेप्शनला, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला, सफाई करणाऱ्या बाईंनाही. काही विचारायचं असेल तर आधी बोंजूर, क्षणभर थांबा, मग प्रश्न. थेट 'ती फाईल कुठे आहे' म्हणून सुरुवात केली, तर उत्तर कोरडं येतं आणि आपल्याला वाटतं हा माणूसच तिरसट. त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा बोंजूर म्हणू नका. सकाळची भेट विसरलात असं दिसतं.

'त्यू' (तू) की 'वू' (तुम्ही), हे गणित तू-तुम्ही-आपण वापरणाऱ्यांना अवघड नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांत आणि स्टार्टअपमध्ये पहिल्या दिवसापासून 'त्यू' चालतं. बँका, सरकारी कचेऱ्या, वकिलांची ऑफिसं इथे 'वू' वर्षानुवर्षं टिकतं. वयाने किंवा पदाने मोठा असेल त्याने सुचवेपर्यंत 'वू'च म्हणा. नुसतं नाव घेऊन सोबत 'वू' वापरणं अगदी रुळलेलं आहे. 'सर', 'मॅडम' यांचा मारा मात्र थांबवा.

आता उतरंड. तुमच्या थेट साहेबाला तिथे एन+१ म्हणतात, त्याच्या वरच्याला एन+२. मीटिंगमध्ये सगळे मोकळेपणी बोलतात म्हणजे सगळे बरोबरीचे, असं समजलात तर फसाल. चर्चा सगळ्यांची, निर्णय एकाचा. मोठ्या कंपन्यांत वरच्या खुर्च्यांवर ठरावीक नामांकित संस्थांतून, म्हणजे ग्रांद एकोलमधून आलेली माणसं बरीच दिसतात आणि हे पदांचं भान पक्कं असतं. एन+१ ला भर मीटिंगमध्ये 'मला पटत नाही' म्हणता येतं. त्याला वगळून एन+२ कडे जाता येत नाही. जायचंच असेल तर आधी त्याला सांगा: "या मुद्द्यावर आपलं जुळत नाही, तर दोघं मिळून वर विचारू या का?" एवढ्या एका वाक्याने पुढचे सहा महिने सोपे होतात.

मीटिंगमध्ये आक्षेप कसा घ्यायचा

तयारी आदल्या दिवशी करा. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला आणि जो हटकून विरोध करेल त्याला, दोघांनाही कॉफी मशिनपाशी वेगवेगळं गाठा. पाच मिनिटं पुरतात. तुमचा मुद्दा सांगा, त्यांचा आक्षेप ऐका, पण तिथे त्यांचं मन वळवायच्या मागे लागू नका. दुसऱ्या दिवशी तो आक्षेप समोर येईल तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार असेल.

मीटिंगमध्ये आपली पाळी येईल म्हणून थांबू नका, ती येत नाही. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या बेताला शिरणं हा तिथे उद्धटपणा धरला जात नाही. थोडं पुढे सरका, हात टेबलावर घ्या आणि 'जूस्त आँ प्वाँ', म्हणजे 'फक्त एक मुद्दा', असं म्हणून सुरू करा. आक्षेप तीन भागांत मांडा: समोरच्याचं म्हणणं एका वाक्यात परत सांगा, मग तुमचं कारण, मग दुसरा मार्ग. यातला मधला भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपण नेमका तोच गाळतो.

समजा डिलिव्हरी १५ मार्चला ठरतेय आणि तुम्हाला ठाऊक आहे की ती २२ च्या आत होणार नाही. 'वी विल ट्राय' म्हणून मान डोलावलीत, तर फ्रेंच सहकारी ते १५ तारखेचं वचन म्हणून लिहून घेतो, आणि १४ तारखेला 'थोडा वेळ लागेल' असं कळलं की तुम्ही खोटं बोललात असं त्याला वाटतं. विश्वास उडण्याचं भारतीय टीमच्या बाबतीत हे सगळ्यात मोठं कारण आहे. त्याऐवजी असं म्हणा: "१५ तारीख ग्राहकाला सोयीची आहे हे मला कळतं. मला ती पटत नाही, कारण चाचणीला दहा कामाचे दिवस लागतात आणि डेटा आपल्या हातात ८ तारखेला येणार. एक तर डेटा १ तारखेला द्या, नाहीतर २२ धरा, किंवा रिपोर्टचा भाग दुसऱ्या टप्प्यात टाका." यावर कडाडून वाद होईल. होऊ द्या. वाद झाल्यावर जी तारीख ठरेल तिच्यावर सगळे टिकतात.

'ज न स्वी पा दाकोर', म्हणजे 'मी सहमत नाही', हे वाक्य तोंडात बसवून घ्या. ते कठोर वाटतं, पण तिथे ते रोजच्या वापरातलं आहे. मात्र त्यापाठोपाठ कारण आलंच पाहिजे. कारण न देता नुसता नकार दिला तर माणूस हटवादी ठरतो, आणि कारण 'ग्राहकाने सांगितलंय' किंवा 'वरून आलंय' एवढंच असेल तर तो विचार न करणारा ठरतो. तत्त्व आधी, उदाहरण नंतर हा क्रम तिथे मनाला भिडतो. 'मागच्या प्रोजेक्टला असं केलं होतं' इथून सुरुवात केलीत तर 'पण हे प्रोजेक्ट वेगळं आहे' असं उत्तर लगेच येतं.

आक्षेप तुमच्यावर आला, तर माफी मागू नका. 'सॉरी, सॉरी' हे आपल्याला नम्रपणा वाटतं. तिथे ती चुकीची कबुली धरली जाते, आणि मग चर्चा प्रस्तावावरून चुकीवर जाते. विचारा: "नेमकं कुठे अडतंय? गृहीतकात की आकड्यांत?" प्रश्न विचारणारा माणूस तिथे आदराला पात्र ठरतो. 'स ने पा पोसिब्ल', म्हणजे 'हे शक्य नाही', हे वाक्य वरचेवर ऐकू येईल, विशेषतः प्रशासन, लेखा आणि आयटी सपोर्टकडून. तो बहुतेक वेळा पहिला नकार असतो. "कळलं. मग कशाने शक्य होईल?" असं शांतपणे विचारा, आणि तिथे नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोंजूर म्हणून पुन्हा जा. 'ऑं व्हेरा' मात्र आपल्या 'बघू'सारखं आहे. त्यावर काही बांधू नका.

फ्रेंच मीटिंग पुष्कळदा निर्णयाविना संपते. चर्चा ही मतं उघडी करण्यासाठी, आणि निर्णय साहेब नंतर घेतात. म्हणून त्याच दिवशी पाच-सहा ओळींचा वृत्तांत, कोंत-रांद्यू, तुम्हीच पाठवायची सवय लावा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि कोणत्या मुद्द्यावर मतभेद उरले. शेवटची ओळ गाळू नका. दोन महिन्यांनी 'हे कोणी सांगितलंच नव्हतं' असा सूर निघाला तर तीच कामी येते.

खरं भांडण कसं ओळखायचं

चढलेला आवाज ही खूण नव्हे. खूण असते ती थंड सभ्यतेची. काल 'त्यू' म्हणणारा सहकारी ई-मेलमध्ये 'वू' लिहू लागला, ई-मेलच्या शेवटी लिहितात ते आपुलकीचं 'बियाँ कोर्दियालमाँ' जाऊन नुसतं कोरडं 'कोर्दियालमाँ' उरलं, सीसीत एन+१ दिसू लागले, मीटिंगमध्ये तुमच्या मुद्द्यावर तो काहीच बोलेनासा झाला, जेवायला हाक मारेनासा झाला, म्हणजे बिनसलंय. उत्तर ई-मेलने देऊ नका. त्याच दिवशी त्याच्या टेबलापाशी जा आणि कॉफीला चला म्हणा. तिथे सरळ विचारा: "काल मी जे बोललो ते तुम्हाला खटकलं का?" असा प्रश्न विचारणं आपल्याला जड जातं, पण तिथे त्याचं चांगलं उत्तर मिळतं.

मर्यादाही आहेत. कल्पनेवर कितीही बोला, माणसावर नाही. 'हा आराखडा तर्काला धरून नाही' चालतं. 'तुम्हाला कळत नाही' चालत नाही. कोणाचा पगार, धर्म, लग्न, मुलंबाळं यांची चौकशी वादात तर नाहीच, ओळख वाढेपर्यंत एरवीही नको.

जेवणाची वेळ टाळू नका. डबा टेबलावरच खाऊन काम पुढे रेटणं हे कष्टाळूपणाचं लक्षण वाटतं, पण फ्रेंच कामगार कायद्याप्रमाणे कामाच्या जागी जेवू देण्यास मालकाला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि सहकाऱ्यांना तुम्ही फटकून वागताय असं वाटतं. शाकाहारी असाल तर सरळ सांगा, कोणाला त्याचं काही वाटत नाही. डबा घेऊन कॅन्टीनच्या टेबलाशी बसलात तरी चालतं. सकाळच्या वादाची धार दुपारी तिथेच उतरते.

वेळेवरून होणारी भांडणं

कायदेशीर आठवडा ३५ तासांचा. अनेक अधिकारी, ज्यांना काद्र म्हणतात, तासांऐवजी दिवसांच्या करारावर असतात: कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त २१८ दिवस. पण त्यांनाही दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती मिळायलाच हवी. १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-ई-मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे, आणि त्याची व्यवस्था कशी करायची याची बोलणी ५० किंवा अधिक माणसं असलेल्या कंपन्यांना युनियनशी करावी लागतात. त्यामुळे रात्री आठ वाजता 'एकच मिनिट' म्हणून केलेला फोन हा तुमच्या मते उत्साह असला, तरी समोरच्याला ती घुसखोरी वाटते. रात्रीच लिहायचं असेल तर ई-मेल सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवा.

पुण्याच्या टीमशी सांधा जुळवणाऱ्यांनी वेळापत्रक असं बांधावं: पॅरिसचे साडेनऊ ते बारा, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी एक ते साडेतीन आणि हिवाळ्यात दोन ते साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. त्या सोमवारी निम्मी मंडळी चुकीच्या वेळी येतात. फ्रेंच बारा ते दोनमध्ये काहीही ठेवू नका, आणि ऑगस्टमध्ये कोणताही निर्णय अपेक्षित धरू नका.

सुट्टीवरून कुरबुर होते ती मुख्यतः उशिरा मागितल्यामुळे. वर्षाला पाच आठवडे पगारी सुट्टी असते, पण सलग साधारणतः चारच आठवडे घेता येतात. ज्यांचं घर फार लांब आहे त्यांना पाचवा आठवडा जोडून देण्याची सवलत कायद्यात नमूद आहे आणि भारतात जाणारे ती मागू शकतात. गणपतीला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच लेखी मागणी टाका. ऑगस्टच्या सुट्ट्यांत शाळकरी मुलं असलेल्यांचा नंबर आधी लागतो, आणि त्यावर रुसण्यात अर्थ नाही.

संप

संपाचा हक्क १९४६ च्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत आहे आणि परदेशी कर्मचाऱ्यालाही तो तसाच मिळतो. खाजगी क्षेत्रात आधी नोटीस द्यावी लागत नाही. सार्वजनिक सेवांमध्ये पाच दिवसांची नोटीस लागते, म्हणून मेट्रो-रेल्वेचा संप आधी कळतो आणि घरून काम करण्याची परवानगी वेळेत मागता येते. जितका वेळ संप तितका पगार कापला जातो, बाकी शिक्षा नाही. संपात सामील व्हायचं की नाही हा तुमचा प्रश्न; न होणाऱ्यालाही कोणी जाब विचारत नाही. पण संपावर गेलेल्या सहकाऱ्याला 'कामचुकार' म्हणू नका, मस्करीतही नाही. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवरच्या बऱ्याच गोष्टी अशाच लढ्यांतून आल्या आहेत. पगारी सुट्टीचे पहिले दोन आठवडे १९३६ च्या संपांनंतर कायद्यात आले.

कागदावर येण्याची वेळ

इथून पुढे नियम वेगळे. बोलून मिटत नाही, तोच प्रकार पुन्हा पुन्हा होतोय, किंवा तुमच्या हातात एखादं पत्र पडलंय, असं झालं की तोंडी मोकळेपणा बाजूला ठेवा आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवा.

आधी तुमचा करार पाहा. तो फ्रेंचमध्ये असतो, पण परदेशी कर्मचाऱ्याने मागितल्यास त्याच्या भाषेतलं भाषांतर द्यावं लागतं; कायद्याने तुम्ही मराठीतलंही मागू शकता. भारतीय कंपनीने तात्पुरतं पाठवलेलं असेल तर तुमचा करार भारतातला राहतो, पण कामाचे तास, विश्रांती, किमान वेतन, भेदभावाला बंदी, संपाचा हक्क यांबाबत फ्रेंच नियम लागू होतात. आणि तुम्ही चाचणीच्या काळात आहात का ते बघा. कायम नोकरीच्या, म्हणजे सेदेईच्या करारात काद्रसाठी हा काळ चार महिन्यांचा, आणि क्षेत्राच्या सामूहिक करारात व तुमच्या करारात तशी तरतूद असेल तर एकदा वाढवता येतो. या काळात मालक कारण न देता करार संपवू शकतो. एक महिन्यानंतर दोन आठवड्यांची आणि तीन महिन्यांनंतर एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते.

साहेबांशी एकांतात खटका उडाला, तर त्याच दिवशी एक छोटा ई-मेल लिहा. त्यात राग नको, विशेषणं नकोत, सीसी नको:

"बोंजूर. आज सकाळच्या आपल्या बोलण्यानुसार: १) तुम्ही मला रिपोर्टचं काम शुक्रवारपर्यंत संपवायला सांगितलंत. २) मी सांगितलं की त्यासाठी डेटाबेसचा ॲक्सेस लागेल, तो ३ तारखेपासून मागितलेला आहे. ३) ॲक्सेस कधी मिळेल ते तुम्ही कळवणार आहात. काही वेगळं समजलो असेन तर सांगावं. बियाँ कोर्दियालमाँ."

असा ई-मेल वाद मिटवायलाही उपयोगी पडतो, कारण तिसरी ओळ वाचल्यावर अनेक साहेब त्याच दिवशी ॲक्सेस देतात. न मिटल्यास तोच पुरावा.

वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर जे पटत नाही त्याविषयी कर्मचाऱ्याच्या रकान्यात दोन-तीन ओळी लिहा, मगच सही करा. रकाना कोरा राहिला की पुढे 'त्यांनी मान्य केलं होतं' असं म्हणता येतं. लेखी ताकीद, म्हणजे आव्हर्तिस्माँ, आली तर तिला लेखी उत्तर द्या, मुद्द्याला मुद्दा. मालकाला गोष्ट कळल्यापासून दोन महिन्यांत कारवाई सुरू करावी लागते, म्हणून ताकिदीतल्या घटनांच्या तारखा आधी तपासा. तीन वर्षांपेक्षा जुनी शिक्षा नव्या शिक्षेसाठी आधार म्हणून वापरता येत नाही.

नोकरीवरून काढायचा विचार असेल तर मालकाला आधी भेटीचं पत्र द्यावं लागतं: पोचपावतीच्या रजिस्टर्ड डाकेने, किंवा हातात देऊन सही घेऊन. ती सही फक्त पत्र मिळाल्याची असते. तारीख घालून करा, आकांडतांडव नको. पत्र आणि भेट यांच्यात पूर्ण पाच कामाचे दिवस जावे लागतात, आणि त्यात शनिवार धरतात, रविवार व सुट्ट्या नाहीत. बुधवारी पत्र मिळालं तर पुढच्या बुधवारच्या आत भेट नाही. त्या भेटीला एकटे जाऊ नका. सोबत कंपनीतला कोणीही कर्मचारी नेता येतो. ११ किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीत कर्मचाऱ्यांची निवडून आलेली समिती असायला हवी, जिला सीएसई म्हणतात. तिचा प्रतिनिधी सगळ्यात बरा. असे प्रतिनिधीच नसतील तर बाहेरचा सल्लागार मिळतो, त्याची यादी नगरपालिकेत आणि कामगार निरीक्षकाच्या कचेरीत असते. भेटीत तुम्ही कमी बोला, सोबत्याला शब्दन् शब्द टिपून घेऊ द्या. काढल्याचं पत्र भेटीनंतर दोन कामाचे दिवस उलटल्याशिवाय पाठवता येत नाही.

दोन चुका आपली माणसं हमखास करतात. एक, अपमान झाला म्हणून ऑफिसला जाणंच बंद करणं. २०२३ पासून नियम असा आहे की मालकाने लेखी बोलावूनही दिलेल्या मुदतीत, म्हणजे किमान १५ दिवसांत, योग्य कारणाशिवाय कामावर न येणाऱ्याने राजीनामा दिला असं धरता येतं. प्रकृती खरोखर बिघडली असेल तर डॉक्टरकडून आजारपणाचा दाखला घ्या आणि ४८ तासांत पाठवा. दुसरी चूक म्हणजे रागाच्या भरात राजीनामा देणं. राजीनामा देणाऱ्याला सहसा बेकारभत्ता मिळत नाही, आणि राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असेल तर अडचण दुप्पट होते. दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर २००८ पासून 'रुप्त्यूर कोंव्हांस्योनेल' हा संमतीचा मार्ग आहे. त्यात भरपाई मिळते आणि बेकारभत्त्याचा हक्कही राहतो. सही केल्यावर १५ दिवस दोघांनाही माघार घेता येते, आणि मग सरकारी मंजुरीला १५ कामाचे दिवस. पहिल्या भेटीत ठेवलेल्या आकड्यावर सही करू नका. कायद्याने ठरलेला किमान आकडा, म्हणजे पहिल्या दहा वर्षांसाठी दरवर्षी पाव महिन्याचा पगार, ही बोलणीची सुरुवात असते.

छळ ही वेगळी गोष्ट आहे. मानसिक छळ २००२ पासून गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०१९ मध्ये फ्रान्स टेलिकॉमला कंपनीच्या धोरणातूनच झालेल्या छळाबद्दल पॅरिसच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. एका मीटिंगमधला उद्धट शब्द हा छळ नव्हे. वारंवार होणाऱ्या आणि माणसाला खच्ची करणाऱ्या वागणुकीला छळ म्हणतात. म्हणून वही ठेवा: तारीख, वेळ, जागा, जसेच्या तसे शब्द, कोण हजर होतं. ही वही कंपनीच्या लॅपटॉपवर नको. मग सीएसईच्या प्रतिनिधीशी बोला, आणि कामगार-वैद्यकाची भेट मागा. ही भेट कर्मचारी स्वतःहून केव्हाही मागू शकतो, आणि डॉक्टर तुमचं बोलणं मालकाला सांगत नाहीत. वंश, धर्म किंवा नाव यांवरून भेदभाव होत असेल तर दिफांसर दे द्र्वा या स्वतंत्र सरकारी संस्थेकडे मोफत तक्रार करता येते.

यातूनही निकाल लागला नाही तर प्रुदॉम. हे कामगार न्यायालय १८०६ मध्ये लियोंमध्ये सुरू झालं, आणि त्याचे न्यायाधीश आजही निम्मे मालकांचे, निम्मे कामगारांचे असतात. आधी समेटाची बैठक होते. वकील सक्तीचा नाही, पण घ्यावा. युनियनमार्फतही माणूस मिळतो. मुदती भिंतीवर लिहून ठेवा: नोकरीवरून काढल्याविरुद्ध १२ महिने, थकलेल्या पगारासाठी तीन वर्षं, छळ आणि भेदभावासाठी पाच वर्षं.

नोकरी कशीही संपो, शेवटच्या दिवशी तीन कागद हातात घ्या: नोकरीचा दाखला, बेकारभत्त्याच्या कचेरीसाठीचं प्रमाणपत्र आणि हिशोबाची पावती. त्या पावतीवर सही केली तरी त्यातल्या रकमांवर सहा महिन्यांपर्यंत रजिस्टर्ड पत्राने हरकत घेता येते. भारतात परत यायची घाई असेल, तर विमानात बसण्याआधी न वापरलेल्या सुट्ट्यांचे दिवस त्या पावतीवर नीट मोजा. चूक बहुतेक तिथेच निघते.